सेतुभेदाचा धर्माधर्म

तळे फोडणाऱ्यास पाण्यातच बुडवून मारावे, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. शिक्षा कठोर आहेच, परंतु ती देण्याच्या जागेची निवड अधिक बोलकी आहे: ज्या पाण्याचा अपराध केला, त्याच पाण्याच्या हाती अपराध्यास सोपवावयाचे. ज्या देशात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने साठविलेल्या पाण्यावर काढावे लागतात, त्या देशाच्या स्मृतिकारांस तडागभेद इतका भयंकर वाटावा यात नवल नाही. यज्ञयागादी 'इष्ट' कर्मांच्या जोडीला विहिरी, तळी, बांध ही 'पूर्त' कर्मे बसवून आपल्या पूर्वजांनी जलसंचयास धर्माची प्रतिष्ठा दिली. मंगेशीची किंवा नागेशीची तळी पाहताना आजही हीच भावना मनात जागी होते.

अशा संस्कारात वाढलेल्या वाचकाला, परदेशांत लोक आपल्याच हाताने आपलेच बांध काढून टाकीत आहेत, हे वर्तमान विचित्र वाटल्यावाचून राहणार नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात ऑगस्टा शहराजवळ केनेबेक नदीवर १८३७ साली गिरण्यांच्या सोयीसाठी एक बांध घातला गेला. त्या देशात वीज उत्पन्न करणाऱ्या खाजगी बांधांना मुदतीचा परवाना असतो. परवान्याची मुदत संपली तेव्हा १९९७ मध्ये तेथील अधिकारमंडळाने, मालकाची इच्छा नसताही, नूतनीकरण नाकारले आणि १ जुलै १९९९ रोजी एडवर्ड्स नावाचा तो बांध फोडून नदी मोकळी करण्यात आली. समुद्रातून अंडी घालण्यास वर चढणारे मासे, ज्यांची वाट एकशे बासष्ट वर्षे अडली होती, ते लाखोंच्या संख्येने परत आले. युरोपात नद्यांवरील अडथळ्यांची मोजदाद २०२० साली प्रसिद्ध झाली. ती संख्या बारा लाखांच्या आसपास भरली आणि त्यांतील फार मोठा भाग लहान, कंबरभर उंचीच्या बंधाऱ्यांचा निघाला. २०२४ मध्ये युरोपीय संघाने कायदाच केला की २०३० पर्यंत पंचवीस हजार किलोमीटर नदीमार्ग पुन्हा मुक्तवाही करण्याचा प्रयत्न व्हावा.

लहान बंधारा नदीचे एवढे काय वाईट करतो, असे कोणी विचारील. मोठ्या धरणाचे अपराध मोठे असतात, ते सर्वांस दिसतात. लहान बंधाऱ्याचे अपराध सावकाश घडतात. वाहते पाणी थांबले की ते उन्हाने तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. वरून आलेला गाळ आणि वाळू भिंतीमागे बसते, त्यामुळे वरचे पात्र उथळ होते आणि खालच्या पात्राला वाळू न मिळाल्याने नदी स्वतःचाच तळ व काठ खरवडू लागते. नर्मदेतील महासीर मासा पावसाळ्यात उपनद्यांच्या खडकाळ, वाळूखड्यांच्या उथळ पात्रांत चढून अंडी घालतो; त्याला पुरुषभर उंचीची सरळ भिंत ही हिमालयाइतकीच दुर्लंघ्य. महासीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य आहे. राज्याने त्याला पदवी दिली खरी, पण वाट मात्र दिली नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: जे बांधणे पुण्य, ते काढणे नेहमीच पाप काय?

या प्रश्नाकडे वळताना मनूपेक्षा कौटिल्य अधिक उपयोगी पडतो, कारण त्याची दृष्टी न्यायासनावर बसलेल्या माणसाची आहे. अर्थशास्त्राच्या कण्टकशोधन या अधिकरणात त्याने सेतुभेदाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पाणी धरून असलेला सेतू फोडणाऱ्यास त्याच ठिकाणी बुडवावे. सेतू कोरडा असेल तर उत्तम साहसदंड. आणि तो मोडका, टाकून दिलेला असेल तर मध्यम साहसदंड. लक्षात घेण्याजोगे हे की, टाकलेला बांध फोडण्याचीही त्याने मोकळीक दिलेली नाही, परंतु ते देहान्ताचे पातकही मानलेले नाही. धर्मस्थीय अधिकरणात तो आणखी पुढे जातो. पाच वर्षे ज्या सेतूचा उपयोग बंद पडला असेल त्यावरील स्वामित्व, आपत्काल वगळता, लुप्त होते. आणि वरच्या अंगास मागाहून बांधलेल्या तळ्याने खालच्या जुन्या तळ्यात पाणी भरण्यास अडथळा करता कामा नये. खालचे तळे तीन वर्षे निरुपयोगी पडले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे बांध ही गोष्ट त्याच्या मते स्वयंभू पुण्य नव्हे. तिचे पावित्र्य तिच्या उपयोगावर आणि खालच्या माणसाच्या हक्कावर अवलंबून आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या विचारापुढे आमचे आजचे कायदे कित्येक बाबतींत फिके पडतात, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

माळव्याचा इतिहास तर या प्रश्नाने ओलाचिंब आहे. धारेच्या भोजराजाने अकराव्या शतकात बेटवा नदीच्या खोऱ्यात, भोजपूरजवळ, टेकड्यांमधील खिंडी दगडी बांधांनी बुजवून एक अफाट सरोवर निर्माण केले. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे अवशेष पाहून त्याचा विस्तार सुमारे अडीचशे चौरस मैल ठरविला होता. पंधराव्या शतकात मांडूच्या होशंगशहाने हा बांध फोडला. गोंड लोकांत अशी परंपरा सांगतात की, फौजेला तो फोडण्यास तीन महिने लागले, सरोवर रिते होण्यास तीन वर्षे लागली आणि तळाची जमीन वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे गेली. आकड्यांचा अनुप्रास पाहता हे कथेचे गणित आहे, तवारिखेचे नव्हे. पण तीस वर्षांचा तो विलंब मात्र मला फार खरा वाटतो. भोजाच्या सरोवराबद्दल आपण हळहळतो, होशंगशहास दोष देतो आणि त्याच वेळी त्या तळाच्या काळ्याभोर मातीत गहू पिकविणाऱ्या गावांना 'तुमची शेते पापाची' असे म्हणण्याचे धैर्य आपल्यापाशी नसते. एका राजधानीने बांधलेले दुसऱ्या राजधानीने मोडले. धार आणि मांडू यांच्यामध्ये अंतर तरी किती, एका सकाळच्या प्रवासाचे.

त्याच धार जिल्ह्यात २०२२ च्या ऑगस्टात जे घडले ते अनेकांस आठवत असेल. धरमपुरी तहसिलीत कोठीदा गावाजवळ, नर्मदेस मिळणाऱ्या कारम नदीवर, सुमारे ३०४ कोटी रुपयांच्या योजनेतील मातीचे धरण बांधले जात होते. काम अपुरे, तरी पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठले आणि ५९० मीटर लांबीच्या त्या बांधातून गळती सुरू झाली. धार आणि खरगोन जिल्ह्यांतील अठरा गावे रिकामी करण्यात आली, लष्कर बोलावले गेले, मुंबई-आग्रा महामार्ग थांबविला गेला, आणि बांधाच्या बाजूने कालवा खोदून सरकारने आपल्याच धरणाचे पाणी आपल्याच हाताने सोडून दिले. १४ ऑगस्टला पाण्याचा लोंढा खाली गेला. शेते वाहिली, माणसे वाचली. पुढे अभियंत्यांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या दोन-तीन दिवसांत सेतुभेद हाच धर्म होता, हे सांगावयास कोणत्याही स्मृतीची गरज नव्हती. पाणी धरून असलेला सेतू फोडणारा येथे दंडास पात्र नव्हता. दंडास पात्र होता तो, ज्याने तो तसा बांधला.

आम्हा वकील मंडळींना येथे दोन जुने निवाडे आठवतात. १८६८ साली इंग्लंडच्या सरदारसभेने एका गिरणीमालकाच्या तलावाच्या प्रकरणात असा नियम घातला की, जो आपल्या जमिनीवर पाण्याचा साठा करतो, त्याने तो निसटला तर शेजाऱ्याचे नुकसान भरून दिले पाहिजे, मग त्याचा निष्काळजीपणा असो वा नसो. सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, मद्रास इलाख्यातील कार्वेटनगरच्या जमीनदाराची तळी फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा रेल्वे कंपनीने हाच नियम पुढे केला. प्रिव्ही कौन्सिलने तो लावला नाही. ही तळी प्राचीन आहेत, देशाच्या सिंचनव्यवस्थेचे अंग आहेत, जमीनदारास ती नाहीशी करण्याचा अधिकार नाही, ती राखणे त्याचे कर्तव्य आहे. मग कर्तव्य पार पाडणाऱ्यास, त्याने निष्काळजीपणा केला नसेल तर, जबाबदार कसे धरावे? हिंदुस्थानच्या तळ्यांविषयी परक्या न्यायाधीशांनी दाखविलेली ही समज कौतुकास्पद आहे. तथापि 'नाहीशी करण्याचा अधिकार नाही' हे वाक्य ज्या तळ्यांविषयी लिहिले गेले, ती शतकानुशतके गावांनी राखलेली होती. गेल्या पन्नास वर्षांत एखाद्या योजनेच्या पैशातून नाल्यावर उभी राहिलेली, पहिल्या तीन पावसाळ्यांत गाळाने भरलेली, जिची नोंद कोणत्याही दप्तरात धड सापडत नाही अशी सिमेंटची भिंत त्या वाक्याच्या आश्रयास येऊ शकते काय? देशातील जलाशयांच्या पहिल्या गणनेचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस लाखांहून अधिक जलाशयांपैकी दर सहांतला सुमारे एक वापराबाहेर असल्याचे त्यात आढळले. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे तो मोठ्या धरणांसाठी. दहा मीटरांहून ठेंगण्या बांधाची तो दखल घेत नाही. अमेरिकेतल्यासारखी परवान्याची मुदतही आपल्याकडे नाही. म्हणजे लहान बंधारा एकदा जन्मला की तो कायद्याच्या दृष्टीने अमर असतो, आणि बहुधा अनाथही.

धर्मशास्त्राचे मत याहून सूक्ष्म आहे. सतराव्या शतकात काशीस राहून ग्रंथरचना करणाऱ्या नीळकंठ भट्टांचा व्यवहारमयूख मुंबई इलाख्यातील न्यायालयांत प्रमाण मानला जाई, हे कायद्याचे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. त्यांच्याच बारा मयूखांपैकी उत्सर्गमयूख मात्र कोणी उघडून पाहत नाही. तळी-विहिरींचा उत्सर्ग कसा करावा हा त्याचा विषय. उत्सर्ग म्हणजे सोडून देणे. यजमान तळे बांधतो, पूजा करतो आणि शेवटी ते पाणी सर्व भूतांसाठी सोडून स्वतःचे स्वामित्व संपवितो. त्या घटकेपासून ते त्याचे नव्हे. पण दुसऱ्या कोणा एकाचेही नव्हे. 'सर्व भूते' या शब्दात गाय येते, पांथस्थ येतो, पक्षी येतो, आणि मासा येत नाही असे म्हणणारा पंडित मला अजून भेटावयाचा आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून महासीर माशांना कोणी हात लावीत नाही. आपल्या लोकांना हा अर्थ ग्रंथावाचूनही कळलेला आहे. तेव्हा दात्याच्या संकल्पाशी इमान राखावयाचे असेल तर प्रश्न 'भिंत टिकली का' हा नव्हे, 'सर्व भूतांना पाणी पोचते का' हा विचारावयास हवा.

याच्या पुढची पायरीही आपल्या देवळांनीच दाखवून ठेवली आहे. मूर्ती भग्न झाली तर ती श्रद्धेपोटी तशीच पुजीत बसू नये. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणात जीर्ण मूर्ती विधिपूर्वक काढावी, लाकडाची असल्यास जाळावी, पाषाणाची असल्यास पाण्यात विसर्जित करावी असे स्पष्ट सांगितले आहे. ज्या समाजाने देवाच्या जीर्ण मूर्तीसही निरोप देण्याचा विधी सिद्ध केला, त्याला जीर्ण बंधाऱ्याचे विसर्जन अधर्म वाटण्याचे कारण नाही. मात्र 'विधिपूर्वक' हा शब्द दृष्टीआड होऊ देता कामा नये.

नदीस कायदेशीर व्यक्तित्व द्यावे, मग हे प्रश्न आपोआप सुटतील, असे एक मत अलीकडे ऐकू येते. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्तीस स्वतःची इच्छा असते आणि ती निःस्वार्थी माणसाच्या मुखाने ऐकून घेतली पाहिजे असे ठरविले, त्याचाच हा विस्तार. २०१७ च्या मार्चात उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना व्यक्ती मानले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय स्थगित केला. मध्य प्रदेश विधानसभेनेही २०१७ च्या मे महिन्यात नर्मदेला जीवित मानण्याचा ठराव केला. यात वकिलांची सोय आहे यात संशय नाही. नदीची सोय होईलच, याविषयी मात्र मी साशंक आहे. देवाचे अज्ञानपालक बनून देवाच्याच जमिनी खाणारे आपण पाहिले आहेत.

आता देवासकडे वळले पाहिजे, कारण बांध काढण्याच्या पक्षाला खरा विरोध तेथे उभा आहे. माताजींच्या टेकडीखाली वसलेल्या, पवारांच्या दोन पात्यांच्या या शहरात एकेकाळी तळ्यांची वाण नव्हती. हळूहळू ती बुजली, त्यांवर घरे आणि कारखाने आले, आणि १९९० मध्ये इंदूरहून आगगाडीने पाणी आणून शहरास पाजावे लागले. सभोवतालच्या खेड्यांत कूपनलिका इतक्या खोल गेल्या की पंप ओढीत ती नुसती हवा. पुढे २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदण्यास प्रारंभ केला. त्यांना 'रेवासागर' असे नाव पडले आणि काही वर्षांत अशी हजारो तळी झाली. ज्या मातीने हे सोसले, तिच्यापुढे उभे राहून 'बांध काढा' म्हणणे सोपे नाही, आणि सरसकट म्हणणे तर अन्यायाचे होईल.

परंतु देवासची गोष्ट नीट वाचली तर ती बांधाच्या बाजूने साक्ष देत नाही, तळ्याच्या बाजूने देते. या दोहोंत नैतिक भेद आहे. शेतातले तळे स्वतःच्या शेतावर पडलेला पाऊस थांबवून धरते. शेतकरी आपल्या जमिनीचा एक तुकडा त्यासाठी सोडतो. नदीच्या पात्रात आडवी घातलेली भिंत जे अडविते ते दुसऱ्याच्या वाट्याचे असू शकते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात काठावरच्या प्रत्येक जमीनमालकास, आपल्याकडे येणारा नैसर्गिक प्रवाह अखंड आणि प्रमाण, दिशा, वेग व उष्णता यांत मोठा फरक न होता येण्याचा हक्क सांगितला आहे. उष्णतासुद्धा! सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना तापलेल्या पाण्याचे भान होते. क्षिप्रेवर ठिकठिकाणी अडविलेल्या पाण्याचा हिशेब कोणी मांडला तर हा नियम किती वेळा मोडला गेला ते दिसेल. आज उज्जयिनीस पर्वणीच्या स्नानासाठी नर्मदेचे पाणी २०१४ पासून उपसून आणलेले असते, आणि खान नदीचे मलिन पाणी त्यात मिसळू नये म्हणून मातीचा बांध घालावा लागतो. तीर्थ अडवावयाचे, दुसरे तीर्थ उपसून आणावयाचे, आणि मधे घाणीला आडवा बांध!

बांधावे की मोडावे, या वादात आपल्या जुन्या लोकांनी एक तिसरी वाट काढली होती. ती येथे थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. धारच्या पश्चिमेस अलिराजपूरच्या डोंगरांत भिल्ल-भिलाला शेतकरी ओढ्यावर दगड, माती आणि पाल्याचा बांध घालून पाणी पाटाने शेतात नेतात. पावसाळ्यात ओढा तो बांध वाहून नेतो. त्यांना त्याचे दुःख होत नाही. दिवाळीच्या सुमारास सगळे मिळून पुन्हा बांधतात. दक्षिण कानडा आणि कासरगोडकडील सुपारीच्या बागाईतदारांचे 'कट्ट' याच जातीचे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याने तर हीच युक्ती दगडी खांबांत बसविली: पावसाळा ओसरला की खांबांच्या खाचांत बरगे घालावयाचे, आणि पावसाच्या तोंडी काढून घ्यावयाचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही निघून जातात. गोव्याच्या खाजनांतील 'मानस' भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. तेथे दिवसातून दोनदा हे घडते. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पाण्याची आडकाठी कायमची नाही. नदीकडून काही काळ उसने घ्यावयाचे आणि तिच्या दिवसांत तिला परत द्यावयाचे, हा व्यवहार ऋणकोचा आहे, मालकाचा नव्हे. आज पुष्कळ ठिकाणी बरगे गंजले आहेत किंवा चोरीस गेले आहेत. मग कोणी खाचांत कायमचे सिमेंट ओततो, आणि ऋणको हळूच मालक होऊन बसतो.

आता 'विधिपूर्वक' या शब्दाचा थोडा खुलासा. बंधाऱ्यामागील गाळ हा नुसती माती असतोच असे नाही. १९७३ साली अमेरिकेत हडसन नदीवरील फोर्ट एडवर्डचा जुना बांध काढण्यात आला, तेव्हा मागे साठलेला कारखान्यांच्या विषाचा गाळ मैलोगणती खाली पसरला आणि तो उपसण्याचे काम पुढल्या पिढीवर येऊन पडले. देवासच्या किंवा पिथमपूरच्या कारखान्यांखालच्या एखाद्या नाल्यावरील भिंतीस हात घालण्यापूर्वी गाळ तपासला नाही, तर तो सेतुभेद कौटिल्याच्या पहिल्याच पायरीचा अपराध ठरेल. बांध काढल्यावर प्रथम पाणी गढूळ होते, काठच्या विहिरींची पातळी उतरू शकते, उघड्या पडलेल्या तळावर तण माजते. नदी आपली जुनी वाट शोधीपर्यंत काही पावसाळे जातात. खालच्या आणि वरच्या दोन्ही गावांना हे आधी सांगून, त्यांचे ऐकून, उन्हाळ्यात थोडे थोडे उतरविणे हाच येथे विधी होय.

आणि ऐकावयाचे कोणाचे, याचे उत्तर दिसते तितके सोपे नाही. वरच्या गावात, भरून गेलेल्या बंधाऱ्यामागे, एखादा भूमिहीन माणूस वीस वर्षे गाळपेर करीत असतो. त्याच्या नावे सातबारा नाही, खसरा नाही. उन्हाळ्यात काकड्या-टरबुजे, थंडीत हरभरा. बांध काढला की त्याची जमीन पहिल्याच पुरात वाहून जाणार. कागदावर ती त्याची कधी नव्हतीच, तेव्हा नुकसानभरपाईच्या यादीत त्याचे नाव येणार नाही. खालच्या गावच्या जमीनमालकांना सुखाधिकार कायदा आहे, माशांना निदान नीळकंठ भट्टांचा आधार आहे. या माणसाची बाजू कोणत्या कलमाखाली मांडावी, ते बांधाला पहिला घण लागण्यापूर्वी ठरले पाहिजे.